आपल्या बसरूटचा प्रवासी सर्व्हे कसा करायचा (आमचा पहिला फसला, त्यावरून)

पहिला सर्व्हे आम्ही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर केला होता. गूगल फॉर्म, चौदा प्रश्न, वर बसचा एक छानसा फोटो, आणि रात्री साडेनऊला टाकला, म्हणजे जेवणं झाल्यावर लोक निवांत भरतील. भरले पण धडाधड. मी जाम खुश. सकाळी प्रिंटआउट घेऊन आमच्या बिल्डिंगमधल्या रिटायर्ड काकांकडे गेले, त्यांनी चष्मा लावून सगळी पानं चाळली आणि एवढंच विचारलं, "यातलं बसने जातं कोण?" मग आम्ही दोघं एकेका नावावर बोट ठेवत गेलो. हा कारने. ही स्कूटीवर. हे वर्क फ्रॉम होम. ह्यांच्याकडे तर दोन कार. एकाने "बसमध्ये शेवटचं कधी बसलात" याला "कॉलेजला असताना" असं लिहून खाली स्वच्छतेला पाचपैकी एक दिला होता. आणि जे खरंच रोज बसने जातात, म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, रात्रपाळीचा वॉचमन, अकरावी-बारावीची पोरं, ते कुठे त्या ग्रुपमध्ये असणार?

दुसऱ्यांदा मग स्टॉपवर उभं राहून केला, पाचजणांनी मिळून, आणि तो बऱ्यापैकी जमला. आता ओळखीतले तीन-चार जण विचारतायत की आमच्या भागात पण करायचाय, कसा करायचा, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी हाव कमी करा. "पुण्याची बससेवा कशी आहे" हा कट्ट्यावरचा विषय झाला, त्याचं उत्तर घेऊन कोणाकडे जाणार? आपली पीएमपीएमएल, म्हणजे इथली बस चालवणारी कंपनी, २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झाली (आमच्या सासूबाई अजून पीएमटीच म्हणतात), ती पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आजूबाजूची गावं सगळीकडे धावते, तोटा दोन्ही महापालिका साठ-चाळीसने वाटून घेतात, एवढ्या मोठ्या कारभाराबद्दल तुमच्या शंभर कागदांवरून काहीही सिद्ध होणार नाहीये. त्यापेक्षा एक रूट, एक दिशा, एक किंवा दोन स्टॉप आणि दिवसातली एक वेळ पकडा. म्हणजे "सकाळी आठ ते दहा, आमच्या स्टॉपवरून स्वारगेटकडे जाणारी गाडी" एवढंच. प्रत्येक रूट कुठल्या ना कुठल्या डेपोकडे असतो आणि तिथे एक माणूस असतो ज्याला वेळापत्रकात पाच-दहा मिनिटं इकडची तिकडे करता येतात. तुमचा सर्व्हे त्या माणसासाठी आहे हे डोक्यात ठेवलं की निम्मे फालतू प्रश्न आपोआप गळतात.

दिवस नीट निवडा. मंगळवार, बुधवार, असे साधे दिवस बरे. गणपतीचे दहा दिवस नको, पालखी शहरात असते ते दिवस नको (रूटच बदललेले असतात), कॉलेजच्या सुट्ट्या नको, आणि पहिल्या मोठ्या पावसाचा दिवस तर नकोच नको. पावसाचा करायचाच असेल तर वेगळा करा, त्याचे कागद वेगळ्या फाइलला. भाडेवाढ झाल्या झाल्या पण थांबा. जून २०२५ मध्ये कमीत कमी तिकीट ५ वरून १० रुपये झालं, आता अशा आठवड्यात तुम्ही सीट कशी होती विचारलं तरी माणूस तिकिटाचाच राग सीटवर काढणार. तो राग खोटा नसतो, पण तुम्हाला सीटबद्दल काही कळत नाही.

आता एक गोष्ट जी आम्ही आधी केलीच नव्हती आणि जी मला आता सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोकांना विचारायच्या आधी घड्याळ लावा. एक माणूस नुसता याच कामाला. प्रत्येक गाडी किती वाजून किती मिनिटांनी आली, थांबली की पुढे जाऊन थांबली, अंदाजे किती लोक उभे होते, आणि स्टॉपवर किती लोक चढायचे राहून गेले, बास एवढ्या चार गोष्टी. आमच्याकडे हे काम काकांनी केलं, त्यांच्याकडे चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाचं अक्षर आणि तेवढाच पेशन्स आहे.

हे का करायचं तर गणित बघा. समजा गाड्या सरासरी २० मिनिटांनी एक अशा आहेत. बरोबर २०-२० ने आल्या तर कधीही स्टॉपवर येऊन उभा राहिलेला माणूस सरासरी १० मिनिटं थांबेल. पण पुढची गाडी चौकात अडकली, मागची तिला येऊन चिकटली, आणि दोघी जोडीने आल्या, म्हणजे गॅप झाले ३८ मिनिटं आणि २ मिनिटं. कागदावर सरासरी अजूनही २०च! पण स्टॉपवर येणारे बहुतेक सगळे त्या ३८ वाल्या खड्ड्यातच येऊन पडतात ना, दोन मिनिटांच्या फटीत येणारा एखादाच नशीबवान. हिशोब सोपाय, प्रत्येक गॅपचा वर्ग करा (३८ चे १४४४, २ चे ४), बेरीज १४४८, आणि तिला एकूण मिनिटांच्या दुपटीने म्हणजे ८० ने भागा. १८ मिनिटं. गाड्या तेवढ्याच, ड्रायव्हर तेवढेच, डिझेल तेवढंच, आणि माणूस १० च्या ऐवजी १८ मिनिटं उभा. आणि यात बरेचदा कोणाचा आळस नसतो, जी गाडी एकदा लेट झाली तिच्यासाठी पुढच्या प्रत्येक स्टॉपवर जास्त माणसं साठलेली असतात, ती चढेपर्यंत अजून उशीर, मागचीला मात्र रिकामे स्टॉप मिळत जातात म्हणून ती सुसाट. कोणीतरी मध्ये तिला रोखून धरली तरच हे सुटतं. हे तुमच्या कागदावर मिनिटांसकट दिसलं की डेपोत बोलणं सोपं जातं, कारण "गाड्या वाढवा" याला "गाड्या नाहीत" हे तयार उत्तर आहे, "दोन गाड्यांत अंतर ठेवा" याला तसं उत्तर नाहीये.

तुलनेला काहीतरी हवं असेल तर केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००९ साली शहरी वाहतुकीसाठी मोजपट्ट्या ठरवल्या होत्या, चार पायऱ्यांच्या. त्यात सरासरी थांबायची वेळ ४ मिनिटांपर्यंत असेल तर पहिली पायरी, आणि १० च्या वर गेली की चौथी, म्हणजे सगळ्यात खालची. गर्दीचंही तसंच आहे, बसमधली माणसं भागिले सीट्स, दीडपर्यंत असेल तर उत्तम आणि अडीचच्या वर म्हणजे खालची पायरी. तुमचा आकडा कुठे बसतो ते लिहून टाका, सरकारच्याच पट्टीने मोजलं म्हटल्यावर समोरचा जरा सरळ बसतो.

गर्दीवरून अजून एक गंमत. समजा ओळीने तीन गाड्या गेल्या, एकीत ९० माणसं, दुसरीत २०, तिसरीत १०. ऑफिसात बसलेला माणूस म्हणणार सरासरी ४०, काय गर्दी आहे, सीटपण भरल्या नाहीत. पण त्या १२० माणसांपैकी ९० जण त्या पहिल्या गाडीत घुसमटत होते! प्रत्येक माणसाला विचारलं की तुझ्या गाडीत किती होते आणि त्याची सरासरी काढली तर ती ७२ च्या आसपास येते. म्हणजे ४० वाला आणि ७२ वाला दोघंही खरं बोलतायत आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतायत, पुण्यात बसबद्दलची अर्धी भांडणं याच जातीची असतात असं माझं मत झालंय.

बरं, आता प्रश्न. आमचा पहिला प्रश्न होता "तुम्ही बससेवेबद्दल समाधानी आहात का?" आणि दुसऱ्या सर्व्हेच्या पहिल्या दिवशी पण तोच ठेवला होता, अक्कल यायला वेळ लागतो. स्टॉपवर एक आजी होत्या, मंडईतून आलेल्या, हातात भाजीची पिशवी, गाडी बदलायला थांबलेल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "हो गं बाई, चांगलीये की, नेतेय आणतेय आपल्याला." मी पाचवर टिक केली. तेवढ्यात गाडी आली. आजींनी पिशवी माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी दांडी धरली, डावा पाय पायरीवर टाकला आणि तिथेच अडकल्या, दुसरा पाय काही वर येईना, मागून एका कॉलेजच्या मुलाने कोपराला धरून वर घेतलं तेव्हा कुठे आत गेल्या. मग वळून पिशवी घेतली आणि माझ्याकडे बघून हसल्या. आणि माझ्या कागदावर चढण्या-उतरण्याबद्दल एकही प्रश्न नव्हता. शहरातल्या बसच्या फ्लोअरची उंची साधारण तीन प्रकारची असते, लो-फ्लोअर ४०० मिलीमीटर, सेमी लो ६५० आणि जुन्या पद्धतीची ९००. सत्तरीतल्या गुडघ्याला हा फरक म्हणजे घराबाहेर पडायचं की नाही इतका मोठा असतो, आणि आम्ही त्याला "समाधानी, ५" लिहून मोकळे झालो होतो.

म्हणून नियम एक, "समाधानी आहात का" हे पहिलं विचारायचंच नाही. आपल्याकडे त्याचं उत्तर "चालतंय" असं असतं. माणसाने आहे त्यात आपलं बसवून घेतलेलं असतं, बाहेरच्याने विचारलं तर तो उगाच तक्रार करत नाही, किंवा मग उलट, मूड खराब असला तर दहा वर्षांचं सगळं काढतो. दोन्ही उत्तरांचा काही उपयोग नाही. त्याऐवजी आजचं विचारा. आज घरातून किती वाजता निघालात, स्टॉपवर किती वेळ थांबलात, आज सीट मिळाली का. आजचं माणसाला आठवतं आणि आजच्याबद्दल तो सहसा फेकत नाही.

नियम दोन, एका प्रश्नात एकच गोष्ट. "बस वेळेवर आणि स्वच्छ असते का?" असं विचारलंत तर वेळेवर पण घाणेरडी असेल तो काय सांगणार. नियम तीन, प्रश्नात आपलं मत घुसवू नका, "गाड्यांच्या या वाईट अवस्थेबद्दल तुम्हाला काय वाटतं" (आमच्यातल्या एकाने खरंच असं लिहिलं होतं, मी नाही) म्हणजे उत्तर आपणच देऊन सही मागण्यासारखं झालं. आणि एक ते पाच आकडे सांगू नका, शब्द सांगा: "अगदी सोपं, सोपं, मधलं, अवघड, फारच अवघड." आकडा म्हटलं की काही लोक पहिला नंबर चांगला धरतात, काही पाच मार्क धरतात, मग सगळा घोळ.

काय काय विचारायचं हे सुचत नसेल तर युरोपात २००२ चं एक स्टँडर्ड आहे, ईएन १३८१६ नावाचं, त्यात सार्वजनिक वाहतुकीच्या दर्जाचे आठ भाग केलेत: सेवा आहे का, तिथपर्यंत पोचता येतं का, माहिती मिळते का, वेळ, वागणूक, आराम, सुरक्षितता आणि पर्यावरण. पर्यावरण आपण सोडून देऊ, स्टॉपवर कोण सांगणार. बाकीचे सात आपल्या भाषेत उतरवले की पेपर तयार. त्या स्टँडर्डमधली मला आवडलेली दुसरी गोष्ट म्हणजे ते चार गोष्टी वेगवेगळ्या धरतात, प्रवाशाला काय हवंय, चालवणाऱ्याने काय ठरवलंय, रस्त्यावर प्रत्यक्षात काय धावतंय, आणि प्रवाशाला काय वाटतंय. वेळापत्रक म्हणजे दुसरी, काकांचं घड्याळ म्हणजे तिसरी, तुमचा कागद म्हणजे पहिली आणि चौथी. आम्ही पहिल्या वेळी नुसती चौथीच करत बसलो होतो.

आमचा शेवटचा पेपर नऊ प्रश्नांचा होता आणि उभ्या उभ्या तीन मिनिटांत संपायचा, तसाच्या तसा देते. कुठून निघालात आणि कुठे जायचंय (घराचा पत्ता नको, चौक किंवा स्टॉप पुरे). आज स्टॉपवर किती मिनिटं थांबलात असं वाटतं. गाडी कधी येणार हे कसं कळलं, अ‍ॅपवर, बोर्डवर, दुसऱ्याला विचारून, की कळलंच नाही. आज बसायला मिळालं का, किती वेळाने. चढायला-उतरायला कसं गेलं. तिकीट काढताना काही अडचण आली का, सुट्टे, क्यूआर, पास, काहीही. या स्टॉपवर संध्याकाळी सातनंतर थांबायला कसं वाटतं. मागच्या महिन्यात बस आली नाही किंवा आत शिरता आलं नाही म्हणून रिक्षा करावी लागली का, किती वेळा. आणि शेवटचा, "या रूटवर एकच गोष्ट बदलता आली तर कुठली?" यात पर्याय द्यायचे नाहीत, जे बोलतील ते त्यांच्याच शब्दात लिहायचं, "नीट करून" लिहायचं नाही. सगळ्यात कामाचं सगळं इथे निघतं. एका पोरीने सांगितलं की गाडी नाही, स्टॉपसमोरचा दिवा बदला. आता हे आमच्या चौदा प्रश्नांत कुठेच नव्हतं.

थांबायची मिनिटं लोकांना विचारायची पण आणि काकांच्या घड्याळावर पण घ्यायची, दोन्ही. बसची वाट बघतानाची मिनिटं लांबतात, आणि गाडी कुठपर्यंत आलीये ते माहीत नसेल तर जास्तच लांबतात. ऑगस्ट २०२४ मध्ये "आपली पीएमपीएमएल" नावाचं अ‍ॅप आलं, त्यात गाडी कुठे आहे ते दिसतं, त्यामुळे अ‍ॅप बघून आलेल्यांचे आणि न बघता आलेल्यांचे कागद वेगळे काढून बघा, फरक इंटरेस्टिंग असतो.

माणसं निवडताना एक शिस्त पाळायची, नाहीतर आपण नकळत हसऱ्या चेहऱ्याच्या, आपल्यासारख्या कपड्यांच्या लोकांनाच गाठतो. स्टॉपवर येणाऱ्या दर तिसऱ्या माणसाला विचारायचं, तो कसाही दिसो. नाही म्हणाला तर कागदावर "नाही" लिहून पुढचा तिसरा. फोनवर बोलत असला तरी तो तिसराच, थांबा थोडं. किती जणांनी नाही म्हटलं ते मोजणं पण महत्त्वाचंय. बायकांना बाईने विचारलेलं बरं पडतं, विशेषतः तो संध्याकाळचा आणि गर्दीतल्या त्रासाचा भाग, आमच्या ग्रुपमधल्या इंजिनिअरिंगच्या पोरीला जे सांगितलं गेलं ते काकांना कोणी सांगितलं नसतं. हिंदीत पण पेपर छापून ठेवा, बाहेरगावची कामगार मंडळी, हॉस्टेलची मुलं, बसमध्ये तीच जास्त असतात आणि मराठी कागद बघून मान हलवून सरकतात. नाव आणि फोन नंबर घेऊ नका, फोटो तर अजिबात नाही. लोक जास्त मोकळं बोलतात आणि तुमच्याही डोक्याला ताप नाही.

चालत्या गाडीत करायचा मोह होईल. कंडक्टरला आधी विचारा, गर्दीच्या वेळी करूच नका, मागच्या दाराने चढणाऱ्यांच्या वाटेत पॅड घेऊन उभं राहिलात तर शिव्या खाल आणि बरोबरच आहे. दुपारी दोन-तीनला गाडी मोकळी असते तेव्हा एक फेरी करायला हरकत नाही. मेट्रो स्टेशनच्या आत करायचा असेल तर परवानगी काढा, किंवा सरळ बाहेरच्या फुटपाथवर उभे राहा.

मेट्रोवरून आठवलं. २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज सुरू झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत आली, आता बऱ्याच जणांचा प्रवास अर्धा बस अर्धा मेट्रो असा झालाय. मेट्रो कशी वाटली विचारलं की मस्त, एसी, चकाचक. पण माणूस मेट्रोने घरी पोचत नाही, स्टेशनवर पोचतो. म्हणून दाराबाहेर पडल्यापासून दारात पोचेपर्यंतचं विचारा, तुकडे पाडून: चाललात किती, थांबलात किती, बसलात किती. कुठला तुकडा जास्त टोचतो ते लगेच दिसतं, आणि तो बहुतेक वेळा ज्याची आपण सारखी चर्चा करतो तो नसतो.

अजून एक गट आहे जो स्टॉपवर भेटणारच नाही. ज्यांनी बस सोडली ते. स्टॉपवर फक्त टिकून राहिलेले भेटतात, त्यांनाच विचारत बसलात तर दरवर्षी समाधान वाढताना दिसेल कारण वैतागलेले निघून जातायत! पुणं दुचाकीचं शहर आहे, तेव्हा तुमच्या स्टॉपपासून पाच मिनिटांवरच्या शेअर रिक्षाच्या स्टँडवर आणि एखाद्या मोठ्या ऑफिसच्या पार्किंगच्या गेटवर वीस-पंचवीस जणांना एवढंच विचारा की आधी बसने जायचात का, कधी सोडली, सोडायच्या आठवड्यात काय झालं होतं. हा "त्या आठवड्यात काय झालं" प्रश्न काकांचा, बँकेत खातं बंद करायला आलेल्यांना ते असंच विचारायचे म्हणे.

किती कागद लागतात? नीट निवडलेले १०० झाले तर टक्क्यांत साधारण दहा इकडे-तिकडे धरून चाला, ४०० झाले तर पाच. म्हणजे शंभरावर "५२ टक्के लोक नाखूश" असं छातीठोक सांगू नका, "साधारण निम्मे" म्हणा. १०० वरून ४०० वर जायला चौपट उन्हात उभं राहायचं आणि चूक फक्त निम्मी होते, त्यामुळे हौशी माणसांनी १००-१५० वर थांबलेलं बरं. पण पुन्हा सांगते, सोसायटीच्या ग्रुपवरचे हजार कागद स्टॉपवरच्या शंभराच्या पासंगाला पुरत नाहीत.

आकडे मांडताना सरासरी काढू नका, प्लीज. "सरासरी ३.४" म्हणजे काय, कोणाला कळतं? अर्धे लोक मजेत आणि अर्धे हैराण असले तरी ३ येतो आणि सगळे "मधलं" म्हणाले तरी ३च. त्यापेक्षा "अवघड" आणि "फारच अवघड" म्हणणारे किती ते मोजा आणि ते कोण आहेत ते बघा. बायका वेगळ्या, साठीच्या पुढचे वेगळे, उभ्याने गेलेले वेगळे, सकाळचे आणि संध्याकाळचे वेगळे. एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे एक माणूस, एवढं पाळलं तर हे तासाभराचं काम आहे. नंतर शेवटच्या मोकळ्या प्रश्नाच्या चिठ्ठ्या करून टेबलावर गठ्ठे लावा, आम्ही माझ्या डायनिंग टेबलावर लावले, पंखा बंद करून. जो गठ्ठा उंच आणि ज्या बाबतीत "अवघड" पण जास्त, तिथून सुरुवात करा. एखादी गोष्ट वाईट आहे पण कोणाच्याच चिठ्ठीत नाही, तर ती सध्या राहू दे.

कंडक्टर-ड्रायव्हरशी बोलल्याशिवाय कागद बंद करू नका. शेवटच्या स्टॉपला गाडी लागते तेव्हा चहाच्या टपरीवर पाच मिनिटं मिळतात. तुमचे आकडे काय आलेत ते त्यांना आधी सांगा, मग विचारा. ते बरोबर चौक सांगतात, बरोबर वेळ सांगतात, कुठे डबल पार्किंग असतं, कुठल्या स्टॉपवर रिक्षा उभ्या असतात म्हणून गाडी कडेला लागतच नाही आणि लोकांना रस्त्यात उतरून चढावं लागतं. आपण "ड्रायव्हर स्टॉपवर थांबत नाही" लिहिलेलं असतं आणि निघतं भलतंच.

मग एक पान करा, एकच. वर रूट, दिशा, स्टॉप, तारखा, किती जणांना विचारलं, किती नाही म्हणाले. मध्ये काकांच्या घड्याळाचा तक्ता. खाली तीन मागण्या, त्यातल्या दोन तरी बिनखर्चाच्या हव्यात. हे डेपो मॅनेजरला हातात द्या आणि पोच घ्या, एक कॉपी नगरसेवकाला, कारण स्टॉपचा दिवा, फुटपाथ, समोरचा खड्डा ही कामं महापालिकेची, डेपोची नाहीत, आणि उगाच चुकीच्या दारात जाऊन भांडण्यात दिवस जातो. रूटवर एका महिन्यात ठरलेल्या फेऱ्या किती आणि झालेल्या किती हे हवं असेल तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्ज करा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "गाड्या वेळेवर का येत नाहीत" असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत, परत पाठवतील. "अमुक रूट, अमुक महिना, नियोजित फेऱ्या आणि प्रत्यक्ष फेऱ्या, तारीखवार" असं कोरडं लिहा.

सहा महिन्यांनी तोच स्टॉप, तीच वेळ, तेच नऊ प्रश्न, शब्दही न बदलता. बदलायची खाज खूप येते, दाबा. जुने कोरे पेपर म्हणूनच जपून ठेवायचे, आणि पॅड. पॅडला पेन मात्र सुतळीने बांधा, गाठ मारून. लोक उत्तर देता देता गाडी आली की पेन घेऊनच चढतात, आमची पहिल्या दोन दिवसांत सात गेली.